कुंपणापर्यंतची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या कर्तृत्वाची टिंगल करण्यासाठीं वापरतों. तिच्यांत दडलेला प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. सरडा कुंपणापाशीं थांबतो तो पायांत बळ नसतें म्हणून, कुंपण उंच असतें म्हणून, कीं कुंपणापलीकडेहि जमीन आहे असें त्याला कधीं वाटलेंच नाहीं म्हणून?

आत्मोन्नतीचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांनीं या प्रश्नाचा निकाल केव्हांच लावून टाकला आहे. मनुष्याच्या मर्यादा त्याच्या मनांत असतात. मनाचा कल पालटला कीं मर्यादा संपल्या, हें त्यांचें सूत्र. सॅम्युएल स्माइल्सचें ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून या जातीच्या ग्रंथांचा ओघ चालूच आहे. सांप्रत या ओघाला जें शास्त्रीय अधिष्ठान लाभलें आहे तें मुख्यतः कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीच्या संशोधनाचें. त्यांचा ‘माइंडसेट’ हा ग्रंथ २००६ सालीं निघाला. बुद्धि ही जन्मतः ठरलेली पुंजी आहे असें मानणारी एक वृत्ति, आणि ती श्रमानें वाढते असें मानणारी दुसरी. पहिलीला स्थिर व दुसरीला वर्धिष्णु म्हणावें. १९९८ सालीं त्यांनीं व क्लॉडिया म्यूलर यांनीं प्रसिद्ध केलेले मुलांवरचे प्रयोग या दृष्टीनें उद्बोधक आहेत. कांहीं मुलांची ‘तुम्ही हुशार आहां’ अशी स्तुति केली, कांहींची ‘तुम्हीं मेहनत घेतली’ अशी. पुढें कठीण कोड्यांपाशीं दोघेहि अडले. पण नंतर पुन्हां सोपीं कोडीं दिलीं तेव्हां हुशारीची स्तुति ऐकलेलीं मुलें पूर्वीपेक्षां मागें पडलीं आणि मेहनतीची स्तुति ऐकलेलीं पुढें सरकलीं. ज्याला हुशार म्हटलें त्याला अपयश म्हणजे हुशारी नसल्याचा पुरावा वाटतो. ज्या घरांत मुलाच्या गुणपत्रिकेवरून त्याची जन्मकुंडली मांडली जाते, त्या घरांतील वडील माणसांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु सिद्धांत आणि त्याचा बाजार या दोन वस्तु भिन्न आहेत. बाजारांत या विचाराला जें रूप मिळालें तें असें: विश्वास ठेव, म्हणजे होईल. या वाक्याचा उत्तरार्ध कोणी छापीत नाहीं. पण तो वाचकाच्या मनांत आपोआप उमटतो. झालें नाहीं, तर तुझा विश्वासच उणा होता! ज्याच्या वाट्याला शाळा आली नाहीं, पुस्तक आलें नाहीं, फावला वेळ आला नाहीं, त्याच्या अपयशाचा बोजाहि त्याच्याच मस्तकीं मारणारें हें तत्त्वज्ञान दिसतें तितकें उदार नाहीं. यासाठीं एखाद्या मनुष्याचें मन खरोखर पालटतें तेव्हां नेमकें काय घडतें, हें उपदेशपर ग्रंथांपेक्षां चरित्रग्रंथांत पाहावें. मराठींत अशीं दोन पुस्तकें आहेत आणि दोन्हीं शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रियांचीं आहेत.

रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालचें. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या महादेव गोविंद रानडे यांच्या घरीं आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीनें लागलीच पाटीवर धडे सुरू केले. प्रचलित सूत्राप्रमाणें पाहतां येथें कथा सरळ असावयास हवी: मुलीला आत्मविश्वास आला आणि ती शिकली. पुस्तकांत घडतें तें असें नाहीं. ही मुलगी आपल्याला काय साधेल याविषयीं कसलीच श्रद्धा बाळगून नसते. ती शिकते, कारण शिकविणारा रोज रात्रीं पाटी घेऊन बसतो आणि ती शिकेल हें तो गृहीत धरून चालतो. विश्वास आधीं त्याचा असतो. तिचा मागाहून येतो. आधीं कृति, मग प्रतीति, असा या पुस्तकाचा क्रम आहे.

त्याच घरांत दिवसां दुसरी शाळा भरे. वडीलधाऱ्या बायकांचा मराठी वाचण्याला फारसा विरोध नसला, तरी इंग्रजीचें नांव त्यांना खपत नसे. पुण्यांत मुलींच्या हायस्कुलासाठीं गव्हर्नरसाहेबांसमक्ष सभा भरली. तींत रमाबाईंनीं इंग्रजींत निवेदन वाचलें. त्यानंतर घरीं जीं बोलणीं ऐकावीं लागलीं तीं त्यांनीं रागाचा लवलेश न आणतां नोंदविलीं आहेत. रात्रीं एक मनुष्य म्हणे, तुला येईल; दिवसां साऱ्या बायका म्हणत, तुला शोभत नाहीं. या दोन वाक्यांच्या मध्यें ती मुलगी वाढली. तिचें कुंपण तिच्या मनांत नव्हतें. तें माजघरांत होतें. सहन करणें हाच त्यावर पतीचा उपदेश होता. शिकण्याची किंमत तिनें द्यावयाची, हें त्यानेंहि धरूनच चालावें, हें आजच्या वाचकाला खटकल्यावांचून राहत नाहीं.

येथें ड्वेक यांच्या अनुयायांचाच एक निष्कर्ष आठवतो. २०१९ सालीं अमेरिकेंतील नववीच्या सुमारें १२,००० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बुद्धि वाढूं शकते, एवढीच गोष्ट समजावणारा, तासाभराहूनहि अल्प वेळाचा पाठ त्यांना दिला होता. मागें पडलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणींत सुमारें एक दशांश अंकाची वाढ झाली. वाढ अल्प, पण खरी; आणि ती तेथेंच दिसून आली, जेथें भोंवतालचे सोबती कठीण गोष्टीला हात घालणें मानाचें समजत होते. म्हणजे बीं चांगलें असूनहि जमीन पाहावी लागते, असा कौल प्रयोगशाळेनेंहि दिला. रमाबाईंना वाचनाची गोडी लागली, पण जमीन कित्येक वर्षें खडकाळच राहिली.

स्वतः रानडे यांच्याविषयीं पुस्तकांत दोन प्रसंग आहेत. ते शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत. १८८६ च्या सुमारास सरकारी समितीच्या कामानिमित्त ते कलकत्त्यास राहिले. बंगाली वृत्तपत्र वाचतां येत नाहीं, हें त्यांना रुचलें नाहीं. पुस्तक आणून ते अक्षरें लावूं लागले, आणि हजामत चालू असतां अडलेलें अक्षर न्हाव्याला विचारूं लागले. चव्वेचाळीस वर्षांचा न्यायाधीश न्हाव्याचा शिष्य होण्यांत कमीपणा मानीत नाहीं! वर्धिष्णु वृत्तीचें याहून बोलकें उदाहरण दाखविणें कठीण.

परंतु हेच गृहस्थ १८७३ सालीं दुसऱ्या कुंपणापाशीं थांबले होते. विधवाविवाहाचा त्यांनीं पुरस्कार केलेला. प्रथम पत्नी निवर्तल्यावर ते विधवेशींच विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांनीं आग्रह धरला आणि रानडे यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. त्यांचें मन पालटलेलें नव्हतें असें कोण म्हणेल? मताची स्पष्टता होती, विद्या होती, पदवी होती. तरी पाऊल पडलें नाहीं. धोंडो केशव कर्वे यांनीं तेंच कुंपण १८९३ सालीं ओलांडलें आणि मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. ज्या गोदूबाईंशीं त्यांनीं विवाह केला त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या होत्या, ही गोष्ट गौण नाहीं. मधल्या वीस वर्षांत दुसऱ्या कोणी तरी कुंपणाला वाट पाडून ठेविली होती. अक्षर न येणें ही मर्यादा मनानें जिंकतां येते. वडिलांचा शब्द आणि समाजाचा कोप या मर्यादा नुसत्या मनानें जिंकल्या जात नाहींत. नव्या उपदेशग्रंथांना हा भेद दिसत नाहीं.

दुसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’. १९३४ पासून तीं भागशः प्रसिद्ध झालीं. रमाबाईंचा गुरु जितका नियमित, तितकाच लक्ष्मीबाईंचा लहरी. १८९५ सालीं रेव्हरंड टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कांहीं वर्षें संसार दुभंगला. पुढें त्या पतीकडे परतल्या त्या आपलें सोंवळें बरोबर घेऊन. तें हळूहळू सुटत गेलें तें वादांत हार खाल्ल्यामुळें नव्हे, तर स्वतःशीं विचार करतां करतां. आणि मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मनःपरिवर्तनाचें इतकें विश्वसनीय वर्णन आपल्या भाषेंत विरळा. त्याला विश्वसनीय करते ती लेखिकेची विनोदबुद्धि. स्वतःच्या अज्ञानाकडे त्या हंसून पाहूं शकतात. आणि जो आपल्या अज्ञानाला हंसतो त्याला तें लपविण्यासाठीं शक्ति खर्चावी लागत नाहीं. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें काव्य अपुरें होतें. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंनीं तें पुरें करण्याचें काम अंगावर घेतलें. कोणत्या आत्मविश्वासानें? मला वाटतें, आत्मविश्वासाचा प्रश्नच त्यांनीं काढला नाहीं. काम अर्धें पडलें होतें आणि तें करणारें दुसरें कोणी नव्हतें.

वाङ्मयदृष्ट्या या दोन पुस्तकांत जो फरक आहे तोहि याच विषयाशीं निगडित आहे. रमाबाईंच्या ग्रंथाच्या नांवांत ‘आमच्या’ हा शब्द आहे, पण आंत ‘मी’ सर्वत्र शिष्येच्याच जागीं बसते. रानड्यांच्या मृत्यूबरोबर, १९०१ सालीं, आठवणी थांबतात. परंतु ज्या वर्षीं हें पुस्तक छापलें गेलें, त्याच्या आदल्याच वर्षीं पुण्याच्या सेवासदनाचें काम सुरू झालें होतें. १९२४ सालीं मृत्यु येईपर्यंत तें रमाबाईंनीं वाहिलें. जी बाई शेंकडों स्त्रियांना कुंपणाबाहेर नेत होती, ती लिहावयास बसली कीं पुन्हां पाटीसमोरची मुलगी होते. हा विनय सुंदर आहे. ग्रंथाची मर्यादाहि तीच. तिची कृति कुंपणापलीकडे पोंचली, तिची स्वतःविषयींची कल्पना अलीकडेच राहिली. आणि तरीहि काम अडलें नाहीं! स्वतःविषयींची समजूत आधीं बदलली पाहिजे, हा नवमताचा पहिला सिद्धांत या एका पुस्तकापुढें तरी डळमळतो. लक्ष्मीबाईंचा ‘मी’ मात्र पानोपानीं मोठा होत जातो, म्हणून कलाकृति या नात्यानें ‘स्मृतिचित्रें’ श्रेष्ठ ठरतात.

वर्धिष्णु वृत्तीचा सिद्धांत खोटा आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो अर्धा आहे. जगाला तो ‘स्वतःला बदल’ असें सांगतो; त्या जगांतल्या घरानें, शाळेनें, वडील माणसांनीं काय बदलावें याविषयीं त्याचे प्रचारक मुके आहेत. ज्यांच्या हातीं हें मासिक पडतें त्या सुशिक्षित कुटुंबांतील बहुतेकजण कोणाच्या तरी कुंपणाचे मालक आहेत. मुलगा गणितांत मागें पडला, सून पुढें शिकूं म्हणाली, घरीं कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी शाळेंत पहिली आली, तर त्यांना मनोबलाची पुस्तकें भेट देण्याआधीं आपण रोज रात्रीं पाटी घेऊन बसण्यास तयार आहों काय, आणि दिवसां माजघरांत त्यांच्याविषयीं काय बोललें जातें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें आपलीं आपण द्यावीं.