गोठ्याबाहेरचे नाताळगीत

नाताळच्या मिस्सेत 'व्हाईट ख्रिसमस' गावे काय? आमचे उत्तर 'नाही' असेच आहे. त्या गीतात गोठा नाही, येशूबाळ नाही. तरीही ते उथळ ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

गीतकार आयर्व्हिंग बर्लिन (१८८८-१९८९) हे रशियातून अमेरिकेत आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले. स्वरलिपी त्यांना अवगत नव्हती. मुख्यतः पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर ते चाली बसवीत व साहाय्यक त्या लिहून घेत. १९११ च्या 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड'ने कीर्ती दिली. १९१२ मध्ये लग्नानंतर काही महिन्यांतच पत्नी वारली. त्या शोकातून 'व्हेन आय लॉस्ट यू' जन्मले. १९२६ साली कॅथलिक एलिन मॅके यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तो वधूपित्याचा कडवा विरोध पत्करून. त्यांचा तान्हा मुलगा १९२८ च्या नाताळच्याच दिवशी निवर्तला.

१९४१ साली लोकांपुढे आलेले हे गीत त्याच दुःखाचे अपत्य, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातला नाताळ डोळ्यांपुढे नाही, आठवणीत आहे. शब्द साधे, चाल संयत. घरापासून दूर लढणाऱ्या सैनिकांनी ते आपलेसे केले, ते म्हणूनच. वेदीसमोर ते नको. पण ज्या घरातले एखादे माणूस या वर्षी उठून गेले आहे, तिथे ते अवश्य गावे.