जाळीत पडतं तेवढंच उत्पादन?

कांदळवनांच्या उत्पादकतेवर वाचायला घेतलं की पीटर सेंगर आणि सॅम्युअल स्नेडेकर यांचा १९९३ चा पेपर भेटतोच. जगभरातल्या नोंदी गोळा करून त्यांनी झाडांची उंची, अक्षांश आणि वर्षभरात गळणारा पालापाचोळा यांचं नातं मांडलं. तुलनेसाठी हे काम आजही उपयोगी आहे. माझा आक्षेप आहे तो पालापाचोळ्याचा आकडा सरळ ‘उत्पादकता’ म्हणून वापरायच्या सवयीवर.

पद्धत सोपी आहे. भरतीचं पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर जाळ्या टांगायच्या आणि ठरावीक दिवसांनी त्यातली पानं, फुलं, काटक्या वाळवून वजन करायचं. पण खोडाची वाढ आणि मुळं काही जाळीत पडत नाहीत! स्टीव्हन बुयाँ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जगातल्या कांदळवनांची वार्षिक उत्पादकता सुमारे २१.८ कोटी टन कार्बन एवढी काढली. त्यात पालापाचोळा साधारण ६.८ कोटी टन, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. सगळ्यात मोठा वाटा बारीक मुळांचा, आणि नेमकी तिथलीच मोजमापं सगळ्यात तोकडी.

दुसरी अडचण वादळाची. वादळात जाळ्या भरून जातात, पण तेव्हा जंगल वाढत नसतं, मोडत असतं.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. अतिखारट चिखलातली बुटकी झाडं पानं कमी गाळतात. फक्त जाळ्यांवरून क्रमवारी लावली, तर त्यांनी मुळांत घातलेला कार्बन हिशेबातच येणार नाही आणि संवर्धनाच्या यादीत ती मागे पडतील. म्हणून जे मोजलं त्याला ‘पानगळ’च म्हणावं.