पाककृती आणि जात : ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’चे एक वाचन

प्रास्ताविक : कोणी काय खावे, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे, हे जातिव्यवस्थेने शतकानुशतके ठरविले. मराठी पाकशास्त्रीय लेखनात मात्र हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापाने पिढ्यांना स्वयंपाक शिकविला, परंतु त्यातील गृहीत स्वयंपाकघर मध्यमवर्गीयच आहे. या पार्श्वभूमीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) लक्षणीय ठरते.

विवेचन : पूर्णब्रह्म म्हटल्या गेलेल्या अन्नात मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे अन्न धरले होते काय, असा प्रश्न शीर्षकातील एका ‘अ’ने उभा राहतो. दलित आत्मकथनांत अन्न बहुधा भुकेच्या रूपाने येते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) शेणातले दाणे धुऊन केलेली भाकरी आपण वर्गात दारिद्र्याचे उदाहरण म्हणून शिकवितो. पाटोळे त्याच जगातील कौशल्य नोंदवितात. मांस वाळवून केलेल्या चान्या हे टंचाईच्या दिवसांसाठी अन्न टिकविण्याचे शास्त्र होते. भुकेचे वर्णन वाचकाची अनुकंपा जागवते. पाककृती मात्र ज्ञान म्हणून मान्यता मागते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. आपल्या जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही याच स्वाभिमानातून. मग निर्धाराने टाकलेल्या अन्नाची नोंद कशासाठी? याचे उत्तर सक्ती आणि निवड यांतील भेदात आहे. मेलेले जनावर ओढणे हे गावकीने लादलेले काम होते. त्यागाने ती सक्ती नाकारली. नोंद त्या सक्तीचे समर्थन करीत नाही. तिच्यातही माणसे कशी जगली, याची साक्ष देते. २०१५ मध्येच महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. समाजाने स्वतः सोडणे आणि कायद्याने सोडावयास लावणे, या दोन गोष्टींचा राजकीय अर्थ एक नव्हे.

समारोप : या लेखनप्रकारात एक धोकाही आहे. पाककृती संदर्भापासून सहज सुटते आणि नावीन्याची चव बनते. २०२४ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर हा धोका वाढला आहे. म्हणून हे पुस्तक आत्मकथनांच्या शेजारी ठेवून शिकवावे. मराठीच्या वर्गात तसेच गृहविज्ञानाच्याही.