यंत्रांच्या गलक्यातला सरळ सूर

इलेक्ट्रॉनिक संगीतात माणसाच्या गळ्याची जागा आक्रसत चालली आहे. नाचाच्या ट्रॅकवर गायिका चार शब्द म्हणते, त्यांचे तुकडे होतात आणि तेच तुकडे शेवटपर्यंत वाजत राहतात. अख्खं गाणं असलंच तर ऑटोट्यून त्या सुराला इतकं घासूनपुसून काढतं की कोण गातंय हेही कळू नये. अशा काळात बर्मिंगहॅमच्या ‘ब्रॉडकास्ट’ या बँडचे चाहते ट्रिश कीननला विसरायला तयार नाहीत, यामागे नुसती हळहळ नाही. गळा आणि यंत्र यांनी एकत्र कसं नांदावं, याचं उत्तर तिला सापडलं होतं.

बँड उभा राहिला १९९५ मध्ये. कीनन गायची, जेम्स कारगिल बेस वाजवायचा. त्यांची दैवतं दोन. एक, ‘द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ या अमेरिकन बँडचा १९६८ मधला एकुलता एक अल्बम. दुसरं, बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप, जिथे डेलिया डर्बीशायरने टेपचे तुकडे कापून-जोडून १९६३ साली ‘डॉक्टर हू’चं शीर्षकसंगीत घडवलं. या वारशातून आलेला पहिला पूर्ण अल्बम २००० मध्ये ‘वॉर्प’ने काढला. अफेक्स ट्विन आणि ऑटेकर यांच्या शब्दांविना चालणाऱ्या संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीकडे मुखडा-अंतऱ्याची गाणी घेऊन जाणं हेच धाडस होतं.

कीननच्या गळ्यात हरकती नव्हत्या, कंप जवळजवळ नव्हता. भावना दाखवण्यासाठी ती शब्दावर जोर देत नसे. वर्गात उभं राहून एखाद्या मुलीने पाठ केलेली कविता म्हणावी, तशी ती सरळ गाते. भोवती मात्र काहीच सरळ नसतं. ‘हाहा साउंड’ (२००३) मधलं ‘पेंड्युलम’ ऐका: ड्रम आदळत असतात, सिंथेसायझरचे सूर फाटत असतात आणि मधून तिचा आवाज रेषाही न हलवता जातो. तो स्थिर आहे म्हणूनच भोवतीचा कल्लोळ सहन होतो, नव्हे, हवाहवासा वाटतो. तिने आक्रोश केला असता तर दोन्ही वाया गेलं असतं. ‘टेंडर बटन्स’ (२००५) पर्यंत बँडमध्ये दोघंच उरली होती. ड्रमरच्या जागी ड्रम मशीन, बाकी कोरडी गुणगुण. माझ्या मते ब्रॉडकास्टचं सर्वांत मोठं काम हेच. साधनं कमी झाली तशी चाल अधिक स्पष्ट दिसू लागली.

१४ जानेवारी २०११ रोजी कीनन गेली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याहून परतल्यावर तिला न्यूमोनिया झाला होता. ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ या चित्रपटाचं संगीत २०१३ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये तिच्या मागे राहिलेल्या टेपमधून डेमोंचे दोन संग्रह.

त्यातला ‘स्पेल ब्लँकेट’ ३६ तुकड्यांचा. कलावंत गेल्यावर तिच्या खोलीतला प्रत्येक कागद पवित्र ठरवायचा मोह चाहत्यांना होतो, आणि इथेही तसंच घडलं. पण कित्येक तुकडे मिनिटभराचे, अर्धवट आहेत. निम्मे वगळले असते तर संग्रह अधिक सकस झाला असता. तरीही त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कीननकडे आधी चाल यायची, बहुतेकदा नुसत्या गळ्यातून. यंत्रं नंतर यायची.

आजच्या अनुकरणकर्त्यांनी नेमका हाच क्रम उलटवला आहे. जुने सिंथेसायझर येतात, मंचामागे जुन्या फिल्मा चालतात, गायिका घुमाऱ्यात कुजबुजते आणि गाणं संपल्यावर गुणगुणायला काही उरत नाही. ब्रॉडकास्टचा रंग सगळ्यांनी उचलला. चाल बांधायची चिकाटी फारच थोड्यांनी घेतली, आणि इलेक्ट्रॉनिक गीताची आजची दुर्बलता त्यातच आहे.

‘डिस्टंट कॉल’ हा दुसरा संग्रह मात्र निवडक आहे. त्यात ‘टिअर्स इन द टायपिंग पूल’चा कच्चा डेमो आहे. तो आधी ऐका आणि लगेच ‘टेंडर बटन्स’मधलं तेच गाणं लावा. संगीत करू पाहणाऱ्या तरुणांनी तर हे जरूर करावं, नवं यंत्र विकत घेण्यापूर्वी.