शिक्का आणि ससा

जपान म्हटले की मिनिटाचाही उशीर न करणारी आगगाडी आणि गिऱ्हाइकापुढे कमरेत लवणारा दुकानदार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खोटे नव्हे, अपुरे आहे. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’, म्हणजे ‘जगणे’, हा १९५२ सालचा चित्रपट त्याची दुसरी बाजू दाखवतो.

वातानाबे हा नगरपालिकेतील नागरिक विभागाचा प्रमुख. खणातला एक जुना कागद फाडून तो आपला शिक्का पुसतो. तो कागद म्हणजे कार्यालयाचे काम सुधारण्यासाठी त्याने एके काळी लिहिलेली योजना! या एका दृश्यात दिग्दर्शकाने सारे आयुष्य सांगून टाकले आहे. सांडपाण्याचे डबके बुजवून मुलांसाठी बाग करा, अशी विनवणी घेऊन आलेल्या माता उद्यान, आरोग्य, स्वच्छता अशा विभागांतून फिरत अखेर पहिल्याच खिडकीशी परततात.

पोटाच्या कर्करोगाने मरण जवळ आल्यावर वातानाबेला वाट दाखवते ती त्याच कार्यालयातील नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेली एक मुलगी. चावीवर चालणारा ससा बनवताना जपानमधल्या साऱ्या मुलांशी मैत्री झाल्यासारखे तिला वाटते. आमच्या मते चित्रपटाचे मर्म येथे आहे. ससा यंत्र आहे, शिक्काही साधनच. पण एकामागे पलीकडच्या माणसाचे स्मरण आहे, दुसऱ्यामागे विस्मरण.

हे तारतम्य आजही सुटलेले नाही. शिक्क्यांची सक्ती कमी करण्याची मोहीम जपान सरकारने २०२० साली हाती घेतली. फ्लॉपी डिस्कची अट घालणारे हजाराहून अधिक नियम २०२४ पर्यंत रद्द झाले. आपल्याकडे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत आणि अपिलाचा अधिकार दिला, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी शेतकऱ्याचे हेलपाटे त्यामुळे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर मान वर न करता दिले गेले, तर ते जुन्या खिडकीचेच उत्तर ठरते.

उत्तरार्धात वातानाबेच्या मृत्यूनंतर जमलेल्या सहकाऱ्यांची चर्चा फार लांबते, असा आक्षेप घेता येईल. आम्हांला ती लांबी आवश्यक वाटते. बाग कोणामुळे झाली, हे मान्य करायला त्या मंडळींना सारी रात्र लागते. मद्याच्या भरात ते शपथा घेतात आणि पुढच्या दिवसांत पुन्हा ‘त्या खिडकीकडे जा’ असेच सांगतात. दिग्दर्शकाने येथे खोटा दिलासा दिलेला नाही, हा त्याचा मोठेपणा.

शिमुरा ताकाशी यांचा वातानाबे खांदे पाडून, जवळजवळ पुटपुटत बोलतो. वरिष्ठांच्या दारी ताटकळताना तो रागावत नाही, हटतही नाही. ही चिकाटीच त्याची सेवा होय.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी बँकेत वा कचेरीत आहे. युवक मंडळांनी हा चित्रपट अशा वडीलधाऱ्यांसह पाहावा आणि नंतर तासभर मोकळेपणाने बोलावे. खिडकीच्या दोन्ही बाजू ठाऊक असलेली माणसे त्या चर्चेला हवीत.