दोन साक्षी : नेत्रशुष्कतेवरील औषध-चाचण्यांचे परीक्षण

ज्वर उतरला की नाही हे तापमापक सांगतो, आणि बहुधा रुग्णाचे सांगणेही त्याहून निराळे नसते. नेत्रशुष्कतेच्या, म्हणजे डोळे कोरडे पडण्याच्या विकारात मात्र ही सोय नाही. येथे परीक्षकापुढे दोन साक्षी उभ्या राहतात : एक डोळ्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या चिन्हांची, दुसरी रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांची, आणि या दोन साक्षी परस्परांशी वारंवार जुळत नाहीत. गेल्या काही दशकांत या विकारावरील औषधांच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे गुणदोष पाहावयाचे तर या विसंगतीपासूनच आरंभ करणे प्राप्त आहे.

पहिल्या साक्षीचा इतिहास जुना आहे. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली अश्रू मोजण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. गाळणकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवावयाची आणि ती किती मिलिमीटर भिजते ते पाहावयाचे, एवढीच ती रीत. आज यासाठी पाच मिनिटांचा अवधी रूढ आहे. पुढे फ्लुओरेसीनसारखे रंगद्रव्य डोळ्यात घालून स्वच्छमंडलावरील इजा झालेल्या जागा पाहणे व त्यांस गुण देणे ही पद्धतीही स्थिरावली. दुसऱ्या साक्षीस मात्र मोजमापाचे रूप बऱ्याच उशिरा आले. तिच्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली १२ प्रश्नांची असून तिचे गुण ० ते १०० असे असतात. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक.

या दोन मोजमापांत मेळ नसावा याचे कारण केवळ साधनांचा ढोबळपणा हे नव्हे. विकार दीर्घकाळ टिकला म्हणजे स्वच्छमंडलातील चेतातंतू बधिर होऊ शकतात. अशा रुग्णाच्या डोळ्यावर रंगद्रव्याचे डाग पुष्कळ दिसतात, पण तक्रार थोडी असते. उलट काहींचे चेतातंतू इतके संवेदनाक्षम होतात की पृष्ठभाग जवळजवळ निर्दोष असताही डोळ्यांची आग थांबत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या अहवालाने अश्रुपटलाचा समतोल ढळणे हे या विकाराचे मुख्य लक्षण मानले आणि त्याच्या कारणांत चेतातंतूंच्या बिघाडासही स्थान दिले. तात्पर्य, विसंगती हा मोजणाऱ्याचा प्रमाद नसून बऱ्याच अंशी तो विकाराचाच स्वभाव आहे.

ही गोष्ट मान्य केली म्हणजे औषधाची परीक्षा कशी करावी हा प्रश्न बिकट होतो. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण प्रशासनाची सर्वसाधारण अपेक्षा अशी की औषधाने निदान एका चिन्हावर व निदान एका लक्षणावर गुण दाखवावा. वरवर पाहता हा निर्णय न्याय्य वाटतो. परंतु दोन साक्षी मुळातच एकत्र चालत नसतील, तर एकाच चाचणीत दोघींचा कौल मिळणे कठीण. आणि तो निरनिराळ्या चाचण्यांतून गोळा करण्याची मुभा दिली, तर हवी ती साक्ष हव्या त्या वेळी उभी करण्याचा मोह टाळणे त्याहून कठीण.

लिफिटेग्रास्ट या थेंबांचा वृत्तान्त या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ओपस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन चाचण्यांपैकी पहिलीत ५८८ रुग्ण होते. तिच्यात स्वच्छमंडलाच्या खालच्या भागावरील डाग औषधाने कमी झाले. पण रुग्णांच्या तक्रारींचे जे मापन मुख्य म्हणून निवडले होते, त्यात फरक पडला नाही. दुसरीत ७१८ रुग्ण घेतले. या वेळी तक्रारी अधिक तीव्र असलेले आणि अलीकडे कृत्रिम अश्रू वापरलेले रुग्ण निवडले, आणि लक्षणाचे मापनही बदलून कोरडेपणाची एकच मोजपट्टी घेतली. आता लक्षणावर गुण आला, पण चिन्हावर येईनासा झाला. ७११ रुग्णांच्या तिसऱ्या चाचणीत तोच लक्षणाचा गुण पुन्हा आढळला. २०१६ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली.

येथे दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रत्येक चाचणीचे मुख्य मापन ती सुरू होण्यापूर्वीच ठरविलेले होते, आणि दुसरीचा निष्कर्ष तिसरीने पुन्हा तपासून पाहिला. तेव्हा निकाल पाहून मोजपट्टी बदलल्याचा आरोप कोणत्याही एका चाचणीवर करता येत नाही. परंतु तिन्ही चाचण्यांची साखळी म्हणून विचार केला, तर पहिलीच्या अपयशाने दुसरीच्या रुग्णांची व प्रश्नांची निवड केली हे स्पष्ट दिसते. ज्या रुग्णांत गुण दिसला ते निवडक होते. सर्व कोरड्या डोळ्यांसाठी औषधाची शिफारस करताना ही निवड विसरली जाते. आणि आक्षेप आहे तो या विस्मरणास.

दुसरा आक्षेप तुलनेविषयीचा आहे. थेंबांच्या चाचणीत औषधाची तुलना रिकाम्या डोळ्याशी होत नाही. ज्या द्रवात औषध मिसळावयाचे त्याच्याशी, म्हणजे एका अर्थी नुसत्या अनुपानाशी, ती होते. पण कोरड्या डोळ्यास कोणताही ओला थेंब थोडाबहुत सुखवितोच. शिवाय त्रास भरात असताना माणूस चाचणीत दाखल होतो, आणि भर आपोआप ओसरतो. ओपसच्या तिसऱ्या चाचणीत नुसत्या द्रवानेच शंभरांच्या मोजपट्टीवर कोरडेपणा सुमारे ३० गुणांनी उतरला. औषधाने त्यावर घातलेली भर सुमारे ७ गुणांची होती. ही भर संख्याशास्त्राच्या दृष्टीने यदृच्छेची नव्हे. ती रुग्णास जाणवण्याइतकी आहे काय, हा प्रश्न मात्र संख्याशास्त्र सोडवीत नाही.

हाच प्रश्न ड्रीम या चाचणीत वेगळ्या रूपाने उभा राहतो. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले पोटातून घेतल्यास नेत्रशुष्कता कमी होते, हा समज नेत्रवैद्यांत व लोकांत चांगलाच रुजलेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या साहाय्याने तेथील २७ केंद्रांवर ५३५ रुग्णांत तो तपासला गेला. ३४९ जणांना रोज ३,००० मिलिग्रॅम मेदाम्ले व १८६ जणांना ऑलिव्हचे तेल वर्षभर देण्यात आले. कोणास काय मिळते हे ना रुग्णास ठाऊक, ना परीक्षकास. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रश्नावलीचे गुण पहिल्या गटात सरासरी १३.९ ने, तर दुसऱ्यात १२.५ ने उतरले. हा फरक यदृच्छेने पडण्याइतकाच होता, आणि चिन्हांतही तफावत आढळली नाही.

यावर घेतला गेलेला आक्षेप असा की ऑलिव्हचे तेल काही निष्क्रिय पदार्थ नव्हे. त्यानेही गुण आला असेल. आक्षेप अविचारी नाही. परंतु दिवसाकाठी चमचाभर ऑलिव्ह तेलाने नेत्रशुष्कता शमते, असे म्हणणाऱ्यानेच ते आधी सिद्ध केले पाहिजे. शिवाय याच चाचणीतील मेदाम्ले घेणाऱ्या ४३ जणांची पुढील वर्षी पुन्हा विभागणी झाली. काहींना मेदाम्ले चालू ठेवली, काहींची बंद करून ऑलिव्ह तेल दिले. दोन्ही गटांच्या तक्रारींत लक्षणीय अंतर पडले नाही. संख्या लहान आहे, म्हणून तिच्यावर फार मोठा निष्कर्ष उभारता येणार नाही. पण तिचा कल मूळ निकालाविरुद्ध नाही, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

लिफिटेग्रास्ट यशस्वी व मेदाम्ले अयशस्वी, असा सरळ हिशेब या दोन उदाहरणांतून मांडला जातो, पण तो अपुरा आहे. दोन्ही ठिकाणी रुग्णांस बरे वाटले. दोन्ही ठिकाणी त्या बरे वाटण्याचा मोठा वाटा ज्यास औषध म्हणत नाहीत त्याच्याकडे गेला. म्हणून साक्षींच्या विसंगतीचा आधार घेऊन निकष सैल करावेत, ही सूचना स्वीकारार्ह ठरत नाही. विसंगती खरी आहे याचा अर्थ निकष अधिक काटेकोर हवेत असाच होतो. कोणत्या प्रकारच्या रुग्णात कोणत्या साक्षीवर गुण अपेक्षित आहे, आणि किती गुणांचा फरक रुग्णाच्या वाचण्यात, शिवण्यात, रात्री वाहन चालविण्यात उपयोगी पडेल, हे आधीच लिहून ठेवणाऱ्या चाचणीचे अपयशही ज्ञानात भर घालते. ड्रीमचे मोल यातच आहे. तिने औषध दिले नाही. परंतु वर्षानुवर्षे विकत घेतल्या जाणाऱ्या एका आशेचा हिशेब मात्र चोख करून दिला.