आत्मनिंदेला साक्षीदार : ‘कॅलिफोर्निया डायरीज’ या कुमार-कादंबरीमालेचे पुनर्वाचन

आत्मनिवेदनात माणूस स्वतःविषयी दोन प्रकारे असत्य बोलू शकतो : स्वतःला वाढवून, अथवा स्वतःला कमी लेखून. पहिल्या प्रकाराकडे वाचकाचे लक्ष चटकन जाते, कारण बढाई आपली आपणच उघडी पडते. दुसरा प्रकार मात्र प्रामाणिकपणाचा वेष घेऊन येतो. जो स्वतःचे दोष सांगतो तो खरेच सांगत असला पाहिजे, अशी वाचकाची सहज समजूत असते. आणि रोजनिशीसारख्या एकांतातल्या लेखनात तर ती अधिकच दृढ होते. रोजनिशीच्या रूपातील कादंबरीची नायिका आत्मविश्वास गमावलेली असेल, तर तिचे म्हणणे तपासून कसे घ्यावे, हा या प्रकारच्या लेखनापुढील खरा रचनाविषयक प्रश्न आहे. ‘कॅलिफोर्निया डायरीज’ या अमेरिकन मालेतील मॅगी ब्लूम या गायिकेच्या रोजनिश्या पुन्हा वाचताना या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर हाती येते.

ही माला ॲन एम. मार्टिन यांच्या नावावर १९९७ ते २००० या काळात प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘बेबी-सिटर्स क्लब’ या त्यांच्या विलक्षण खपाच्या मालेची ही शाखा होय. मात्र दोहोंच्या प्रकृतीत मोठे अंतर आहे. मूळ मालेत काळ जणू गोठलेला असतो. पुस्तकामागून पुस्तके निघाली तरी प्रमुख मुली आठवीतच राहतात. नव्या मालेत काळ पुढे सरकतो, आणि सरकताना काहीतरी हिरावून नेतो. सनी या मुलीची आई फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी आहे, आणि मालेच्या ओघात तिचा मृत्यू होतो. पालो सिटी या कल्पित गावातील शाळेत जागा अपुरी पडल्यामुळे आठवीचे वर्ग वरच्या इयत्तांच्या इमारतीत हलविले जातात, आणि तेरा वर्षांची मुले अकस्मात मोठ्यांच्या जगात येऊन पडतात. येथूनच कथेला आरंभ होतो.

मालेत एकूण १५ पुस्तके असून डॉन, सनी, मॅगी, अमालिया आणि डकी या पाच जणांच्या प्रत्येकी तीन रोजनिश्या आहेत. मॅगीच्या रोजनिश्या अनुक्रमाने तिसरी, आठवी व तेरावी. मॅगीचे वडील चित्रपटनिर्माते; घर संपन्न; आई मद्याच्या आहारी गेलेली. मॅगी अभ्यासात अग्रेसर आहे, कविता व गीते लिहिते, आणि ‘व्हॅनिश’ नावाच्या बँडमध्ये गाते. बाहेरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा असे सारे तिच्याजवळ आहे. तिची रोजनिशी मात्र न्यूनाची अखंड नोंद आहे. तिचे गाणे, तिचे रूप, तिचे शब्द यांपैकी काहीच तिच्या दृष्टीने पुरेसे उतरत नाही.

या तीन पुस्तकांचे वाचन दोन क्रमांनी करता येते. केवळ मॅगीची तीन पुस्तके सलग वाचावीत, किंवा पंधराही पुस्तके प्रकाशनाच्या क्रमाने वाचावीत. पहिल्या क्रमात वाचक मॅगीच्या दृष्टीत कोंडला जातो. कोणी तिच्या गाण्याची स्तुती केली तर ती स्तुती तिच्याच लेखणीतून, तिच्याच शंकेने गाळून त्याच्यापर्यंत पोचते. म्हणणारा भिडेखातर म्हणत असेल किंवा त्याला गाण्यातले कळत नसेल, असा संशय नोंदीतच मिसळलेला असतो. हळूहळू वाचकालाही वाटू लागते की मुलगी कदाचित बेतासबात गात असावी. दुसऱ्या क्रमात मात्र मॅगीच्या दोन रोजनिश्यांच्या मध्ये इतर चौघांच्या रोजनिश्या येतात. त्यांत ती ओझरती दिसते, पण बाहेरून दिसते. स्वतःला अपुरी समजणारी मुलगी इतरांच्या मनात कोठे उभी आहे, हे वाचकाला मॅगीच्या नकळत समजते. तिच्या आत्मनिंदेला अशा रीतीने साक्षीदार मिळतात.

स्यू टाउनसेंड यांच्या १९८२ मधील ‘द सीक्रेट डायरी ऑफ एड्रियन मोल’ या प्रसिद्ध कादंबरीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एड्रियन स्वतःला मोठा विचारवंत समजतो आणि त्याच्या प्रत्येक नोंदीतून त्याचे अज्ञान हसू आणते. तेथे एकच रोजनिशी पुरेशी होते, कारण आत्मस्तुतीचे खंडन तिच्याच पोटात असते. आत्मनिंदेचे तसे नाही. ती हास्य निर्माण करीत नाही; सहानुभूती निर्माण करते, आणि सहानुभूती वाचकाची चिकित्सा मंदावते. म्हणून मॅगीला दुसरी रोजनिशी लागते, तिसरी लागते. जो मालारूप विस्तार सामान्यतः व्यापारी हेतूचा परिणाम मानला जातो, तोच येथे आशयाची गरज होऊन बसला आहे.

नायिका गायिका असण्याने हा प्रश्न आणखी बिकट होतो. अमालिया चित्रे काढते, आणि तिच्या रोजनिशीत ती चित्रे पानावर उमटतात. वाचक त्यांचा निवाडा स्वतः करू शकतो. मॅगीचा स्वर पानावर येऊ शकत नाही. येतात ते गीतांचे शब्द, आणि निव्वळ कविता म्हणून तोलल्यास त्यांतले बरेचसे बाळबोध ठरतील. परंतु असा तोल मुळातच चुकीचा आहे. ख्यालाच्या बंदिशीच्या दोन ओळी कागदावर उतरवून गायकाची थोरवी कोणाला मापता येत नाही, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. मॅगीच्या गीतांचे तसेच आहे. तिच्या कलेचा पुरावा ग्रंथात असूच शकत नाही; असते ती केवळ ऐकणाऱ्यांची साक्ष. आणि ऐकणाऱ्यांवर विश्वास ठेवणे हेच तर तिला जमत नाही.

दुसऱ्या रोजनिशीत हा अविश्वास शरीरापर्यंत पोचतो. मॅगी खाणे कमी करते आणि वजनाच्या चिंतेने ग्रासली जाते. प्रथम वाचनात हा भाग ‘समस्याप्रधान’ कुमार-कादंबरीचा ठरीव प्रसंग वाटण्याचा संभव आहे. पुनर्वाचनात त्याचा गाण्याशी असलेला संबंध दिसू लागतो. परीक्षेचे गुण मोजता येतात, वजन मोजता येते. गाणे मोजता येत नाही. मद्यपी आईच्या घरात ज्या मुलीच्या हाती दुसरे काहीच नाही, ती मोजता येण्यासारख्या गोष्टींना घट्ट धरते. तिची रोजनिशीही मग मनोगताची वही न राहता हिशेबवहीच्या जवळ जाऊ लागते. जे गाणे तिला या हिशेबातून सोडवू शकले असते, त्यालाही ती परीक्षेच्या मापानेच मोजू पाहते, आणि म्हणून तिला ते नेहमी उणे भासते. आत्मविश्वासाचा अभाव हा येथे स्वभावदोष म्हणून रंगविलेला नाही. एका विशिष्ट घराने शिकविलेली ती मोजण्याची सवय आहे.

या मालेच्या समग्र रचनेविषयी बा. सी. मर्ढेकरांच्या परिभाषेत विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी लयीच्या संदर्भात संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली. मॅगीच्या आणि इतरांच्या नोंदींत विरोध आहे. पाचही जणांच्या एकटेपणात संवाद आहे. डॉन आणि सनी या जिवलग मैत्रिणींतील दुरावा दोघींच्या वह्यांतून दोन रीतींनी कळतो. डकी तर स्वतःलाच ‘तू’ म्हणून संबोधीत लिहितो, जणू ऐकणारे कोणी नसल्यामुळे त्याने स्वतःचेच दोन भाग केले आहेत. अ‍ॅन फ्रँकने आपल्या वहीला ‘किटी’ ही कल्पित मैत्रीण मानले होते, याचे येथे स्मरण होते. रोजनिशी एकांतात लिहिली जात असली तरी श्रोत्यावाचून तिचे भागत नाही.

समतोलाच्या बाबतीत मात्र ही माला उणी पडते. मूळ मालेप्रमाणे येथेही एकाहून अधिक लेखकांचे हात लागले आहेत. पीटर लेरँगिस हे त्यांपैकी एक. पाच आवाज वेगळे ठेवण्यास याचा काही अंशी उपयोग झाला असेल. परंतु संकटाच्या क्षणी हे आवाज पुष्कळदा एकसारखे होतात, आणि मुलांऐवजी कोणी समंजस समुपदेशक बोलत असल्याचा भास होतो. व्यसन, आजार, मृत्यू, उपासमार अशा एकामागून एक येणाऱ्या आपत्तींनी पंधरा छोटी पुस्तके भरून गेली आहेत; कोणत्याही एका दुःखाला पुरेसा अवकाश मिळत नाही. बोधाचा हेतूही लपत नाही. हे दोष मान्य केलेच पाहिजेत.

तथापि या दोषांमुळे मालेचे मुख्य यश पुसले जात नाही. मॅगीच्या शंकेचे निराकरण लेखिकेने एखाद्या टाळ्यांच्या कडकडाटावर सोपविले असते, तर ते स्वस्त झाले असते. येथे तसे घडत नाही. वाचकाला जे कळते ते मॅगीला तिच्याच वहीत कधी पूर्णपणे सापडत नाही, कारण मित्रांच्या वह्या ती वाचत नाही. त्या सर्व वह्या वाचणारा एकटा वाचकच असतो. तेरा वर्षांच्या मूळ वाचकवर्गाच्या दृष्टीने या स्थानाला विशेष मोल आहे. स्वतःच्या वहीत स्वतःला उणे ठरविणाऱ्या त्या वाचकाने मॅगीवरील निकाल चुकीचा आहे हे पाच वह्या ताडून ओळखलेले असते. तोच ताळा स्वतःच्या वहीला लावावयाचा किंवा नाही, हे ठरविणे मालेने त्याच्यावर सोपविले आहे. कुमारसाहित्यातील रोजनिशीरूपाचा अभ्यास करणाऱ्याने तिसरे, आठवे व तेरावे पुस्तक सुटे काढून वाचू नये. तसे केल्यास त्याच्या हाती मॅगीने स्वतःविषयी दिलेला निकाल तेवढा येईल, आणि साक्षी सगळ्या बाहेर राहतील.